स्वीडिश चाकू आणि हिरड्याचा काढा : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

चाकू हातात पडला. मोरा कम्पॅनियन, कार्बन पोलादाचं पातं, लष्करी हिरवी मूठ, त्याच रंगाचं प्लास्टिकचं म्यान. भाची स्वीडनमध्ये गोटेनबर्गला शिकते, तिने सुट्टीला येताना चेक-इन बॅगेतून आणला. तिकडे तो घ्यायला ट्रेकिंगच्या खास दुकानात जावं लागत नाही म्हणाली. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू ड्रायव्हर आणि मोजपट्ट्यांच्या शेजारी टांगलेला असतो, सुतार आणि इलेक्ट्रिशियन येता-जाता उचलून नेतात. ऑनलाइन मंडळींनी त्याला जंगलातला सोबती वगैरे करून ठेवलंय, पण मूळ जात कामगाराच्या चाकूची.

व्हर्नियर लावून मापं घेतली. पातं १०४ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर, मुठीसकट लांबी २२ सेंटिमीटरच्या किंचित आत. दोन मिलिमीटर म्हणजे बारीकच. याचे भाऊबंद आहेत: स्टेनलेस पात्याचा अडीच मिलिमीटरचा आणि ‘हेवी ड्यूटी’ नावाचा ३.२ मिलिमीटरचा. मी मुद्दाम पातळ आणि कार्बन मागवला. कापायचं काम पातळ पातंच नीट करतं, आणि लाकडं फोडायला आपल्याकडे कोयता आहे की.

मूठ मधे थोडी फुगीर, वरून रबरासारखं मऊ आवरण. तळहात भरतो, बोटं कुठे ठेवायची हे वेगळं शोधावं लागत नाही. पात्याकडच्या टोकाला बोट घसरू नये म्हणून छोटासा उंचवटा. देखणेपणावर कुणी वेळ घालवलेला दिसत नाही, आणि तेच मला आवडलं. वजन इतकं कमी की म्यानासकट वरच्या खिशात टाकला तर विसरायला होईल.

धारेची घडण स्कँडिनेव्हियन. पात्याच्या दोन्ही बाजू वरून साधारण पाऊण भागापर्यंत सपाट, तिथून एकच उतार थेट धारेपर्यंत. आपल्या घरातल्या सुरीला अगदी शेवटी आणखी एक बारीक उतार असतो, तो इथे नाही. त्यामुळे पातळ, तीक्ष्ण आणि धार लावायला सोपा: उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप मिळतो. दोन्ही बाजू धरून हा कोन २५ अंशांच्या आसपास भरतो. हातावरचे केस उतरले. कारखान्यातून आलेल्या धारेबद्दल तक्रारीला जागा नाही.

ठरवलंय की आठवडाभर काही करायचं नाही. चाकू आला की त्याच संध्याकाळी मूठ तासायला, पातं घासायला घेणारे बरेच पाहिलेत. आधी काम करू दे.

८ एप्रिल

स्वयंपाकघर. कैरी चिरली. दहा मिनिटांत पात्यावर करडे-निळे ढग, आणि कैरीच्या फोडींच्या कडा काळपट. कांद्याला लोखंडाचा वास. बायकोने फोडी वेगळ्या ठेवल्या, लोणच्यात घालू दिल्या नाहीत.

कार्बन पोलाद म्हटलं की हे आलंच. आजीची विळी अशीच होती. केळफूल चिरलं की सगळं काळंनिळं व्हायचं, म्हणून आधी पात्याला तेल, मग हाताला तेल, आणि चिरलेलं थेट ताकाच्या पाण्यात. फणसाला तर तेलाशिवाय विळी हात लावू द्यायची नाही. पण वापरून वापरून काळी पडलेल्या विळीचा वास पदार्थाला फारसा लागत नसे. पोलादावर एकदा स्थिर काळा थर बसला की ते अन्नातल्या आम्लाशी पहिल्याइतकं भांडत नाही. हा थर आपण मुद्दाम बसवायचा, हे काम क्रमांक एक.

१३ एप्रिल

घोडेगावच्या पुढे मित्राच्या शेतावर दिवसभर. भीमाशंकर अभयारण्य तिथून लांब नाही, पण अभयारण्यात काडीसुद्धा तोडायची नसते, म्हणून सगळं कापणं-तासणं बांधाच्या आत.

मित्राच्या वडिलांनी, आबांनी, चाकू हातात घेतला, अंगठा आडवा फिरवून धार पाहिली आणि विचारलं, “पेन्सिलीला टोक काढायला आणलाय का?” त्यांचा कोयता म्हणजे घोडेगावच्या लोहाराने ट्रकच्या पाट्यापासून घडवलेला, पाठीला माझ्या चाकूच्या तिप्पट जाड. मी म्हटलं, “आबा, तुमचं काम याला देत नाही.” तेवढ्यावर मिटलं.

आता प्रत्यक्ष काम.

जुन्या कुडातून काढलेली वाळकी करवी: लोण्यासारखी कापली जाते. काडीच्या टोकाला पातळ ढलप्या न तोडता तशाच कुरळ्या ठेवत गेलो, पाचेक मिनिटांत पेटवायला काडी तयार. एकच उतार असलेली धार लाकडात शिरते आणि शिरलेल्या कोनात राहते, उगाच वर उसळत नाही. या कामात हा चाकू त्याच्या किमतीच्या कितीतरी वरचा आहे.

बाभळीची वाळलेली फांदी: जड गेलं. कापतो, पण हात दुखतो.

बांबू: इथे गंमत. बांबूच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे तो धार खातो हे माहीत होतं. भरीव काठीला खाचा पाडल्या, चार-पाच पेरं सोलली, आणि धार उन्हात धरून पाहिली. तीक्ष्ण धार उजेड परतवत नाही, कारण तिला रुंदीच नसते. इथे टोकाच्या अलीकडे एक चकाकणारी रेघ दिसत होती, सेंटिमीटरभर. तेवढ्या भागात धार एका बाजूला वळली होती. बर्च आणि पाइनसाठी योग्य असलेला पातळ कोन बांबूच्या गाठीला पुरला नाही. यात चाकूचा दोष नाही, लाकूड दुसरं आहे. काम क्रमांक दोन.

चकमक: फेरो रॉडवर, म्हणजे खरवडली की ठिणग्या पाडणाऱ्या धातूच्या कांडीवर, पात्याची पाठ घासली. ठिणगी पडते, पण तुटक, लहान. पाठीच्या कडा गोलसर आहेत, रॉडवरून घसरतात. याच कंपनीच्या ‘बुशक्राफ्ट’ आणि ‘गार्बर्ग’ या मॉडेलना पाठ काटकोनात घासून दिलेली असते, कम्पॅनियनला नसते. कामगाराच्या अंगठ्याला गोल कडाच बरी. काम क्रमांक तीन.

आबा शेजारी बसून बघत होते. त्यांच्या वडिलांकडे चकमक असायची म्हणाले, गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि सावरीचा कापूस. ठिणगी कापसात धरायची आणि फुंकत राहायचं. फेरो रॉडच्या ठिणग्या बघून म्हणाले, “एवढा उजेड कशाला पडायला हवा? बिडी तर पेटवायची.”

निघताना आबांनी विचारलं, पातं काळं करायचं म्हणतोस तर कशाने? मी व्हिनेगर म्हटलं. त्यांनी पडवीतल्या गोणीतून मूठभर बाळहिरडा काढून पिशवीत घातला. “हे उकळ. लोखंडाला दुसरं काही लागत नाही.”

१४ एप्रिल

दोन गोष्टी लिहून ठेवतो, मागाहून कुणी विचारलंच तर.

कायदा: शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांसाठी ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदीच्या वरची पाती धरतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. माझं पातं ४ इंचांच्या जेमतेम वर. पण महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकू-सुऱ्यांचा उल्लेख असतो. म्हणून शहरात कमरेला कधीच नाही. सॅकच्या तळाशी, म्यानात, फडक्यात गुंडाळून. एसटीत बसल्यावर सफरचंद कापायलाही काढायचा नाही.

इतिहास: मोरा हे स्वीडनच्या दालार्ना प्रांतातलं, सिल्यान तलावाकाठचं गाव. अमेरिकेहून परतलेल्या फ्रॉस्ट-एरिक एर्सनने १८९१ मध्ये शेजारच्या ओस्टनोरला कारखाना काढला तो लाकूड ओढायच्या घसरगाड्यांसाठी. चाकू आधी जोडधंदा होता, पुढे तोच धंदा झाला. १९१२ मध्ये त्याच गावात एरिक्सन घराण्याचा दुसरा कारखाना उभा राहिला, आणि २००५ मध्ये दोन्ही एकत्र आले. एका गावातली दोन घराणी जवळपास शंभर वर्षं समोरासमोर चाकू बनवत होती, हे वाचून मला आपल्याकडच्या पेढेवाल्यांच्या पाट्या आठवल्या. ‘आमची कुठेही शाखा नाही.’

२० एप्रिल

पाठ.

आधी कुठे घासायची ते ठरवलं. मुठीजवळचा दीड इंच तसाच गोल ठेवायचा, तिथे तासताना अंगठा टेकतो. मधल्या भागावर कधी बारीक काडी फोडायला दांडक्याने ठोकावं लागलं, तर काटकोनी कड दांडकं कुरतडून काढते. म्हणून तोही सोडला. टोकाकडचा पावणेदोन इंचाचा तुकडा निवडला. पूर्ण पाठ घासून मोकळं होणं सोपं होतं, आणि बहुतेक जण तेच करतात, पण मग अंगठ्याला कायमचा घट्टा.

कानस चालवून पाहिली. नीट चावत नाही, घसरते. पातं चांगलं कडक आहे. अँगल ग्राइंडर घरात आहे पण तो बाहेर काढला नाही. कार्बन पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर, ते साधारण २०० अंशांच्या आसपास परत तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. ग्राइंडरखाली पातळ पात्याचं तापमान क्षणात त्याच्या वर जातं. पिवळसर, मग जांभळा, मग निळा रंग चढतो, आणि निळा चढला की तेवढ्या भागातला कडकपणा गेला. दोन मिलिमीटरच्या पात्यात पाठीची उष्णता धारेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

म्हणून कार्बोरंडमचा खरबरीत दगड, पाणी आणि हात. पात्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या सरळ पट्ट्या, त्या व्हाइसमध्ये. पट्ट्या पाठीच्या अर्धा मिलिमीटर खाली, म्हणजे दगड सपाट चालतो आणि बाजूला ओरखडे पडत नाहीत. धारेवर जाड पुठ्ठ्याची घडी आणि चिकटपट्टी; हे न करता कुणी पाठ घासायला बसू नये. पाऊण तासाने कडा उभ्या राहिल्या. मग २२० नंबरचा पॉलिशपेपर काचेवर ठेवून शेवटचा हात. पेपर याहून बारीक घ्यायचा नाही. कड गुळगुळीत झाली की ती रॉड खरवडत नाही.

तपासणी: नखावर पाठ उभी धरून हलकेच ओढली, पांढरा भुगा निघतो. फेरो रॉडवर आता ठिणग्यांची सलग माळ. नारळाच्या शेंडीचा काथ्या कुस्करून ठेवला होता, तो लगेच धरला. सावरीचा कापूसही धरतो, पण भर्रकन जळून जातो. काथ्यात गुंडाळला तर दोघांचं जमतं.

२७ एप्रिल

हिरड्याचा दिवस. सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि मजाही यातच.

आंबेगाव-जुन्नरच्या डोंगराळ भागात हिरडा हे महादेव कोळी घरांचं हक्काचं रोख पीक. कोवळी फळं वाळवली की बाळहिरडा, तो औषधात जातो. मोठा पिकलेला हिरडा पिढ्यानुपिढ्या चामडं कमवायला आणि रंगकामाला गेला. दोन्हीकडे कारण एकच, टॅनिन नावाचं तुरट द्रव्य. टॅनिनला लोह भेटलं की निळसर काळा लोह टॅनेट तयार होतो. जुनी काळी शाई याच रसायनावर चालायची. श्रीकाळहस्तीचे कलमकारी कारागीर आधी कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात आणि मग गूळ व गंजलं लोखंड आंबवून केलेल्या पाण्याने त्यावर रेघ काढतात. रेघ कापडाला टेकताच काळी होते. माझ्याकडे कापडाच्या जागी पोलाद, म्हणजे लोह आधीच तयार.

तयारी: पातं भांड्याच्या साबणाने, मग अ‍ॅसिटोनने पुसलं. त्यानंतर उघड्या बोटाने स्पर्श नाही, बोटाचं तेल लागलं तिथे डाग राहतो. मुठीजवळच्या दोन सेंटिमीटरच्या पट्टीवर नेलपॉलिश लावलं. ती पट्टी मुद्दाम कोरी ठेवायची आहे, पावसाळ्यात तुलना करायला.

पहिला टप्पा, व्हिनेगर. साधं पांढरं व्हिनेगर कोमट करून उंच काचेच्या बाटलीत, पातं मुठीपर्यंत उभं. मिनिटाभरात पात्याला बारीक बुडबुडे चिकटले. पंधरा मिनिटांनी काढलं तर एकसारखा राखाडी. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून धुतलं. इथे पाच मिनिटं जरी चहा प्यायला गेलात तरी नारिंगी गंज फुलतो.

दुसरा टप्पा. बाळहिरडा खलबत्त्यात जाडसर कुटला, चार पेले पाणी निम्मं होईपर्यंत उकळला. स्टीलचं पातेलं वापरलं; लोखंडी कढईत उकळला असता तर सगळी शाई कढईतच झाली असती. काढा दारूच्या रंगाचा, जिभेला लावला तर तोंड आवळतं. गाळून, कोमट असताना पातं आत.

पाहत बसलो होतो. राखाडीवर आधी जांभळट झाक, मग टोकाकडून गडद होत आलं. दहा मिनिटांनी बाहेर काढलं तेव्हा काढ्यात पात्याभोवती निळे-काळे धागे तरंगत होते. पुसल्यावर काजळीसारखं बरंच कापडावर आलं, खाली राहिला तो पक्का थर. पुन्हा आत, पुन्हा पुसणं. तिसऱ्या खेपेला कापडावर फारसं काही येईना, तिथे थांबलो. नुसता हिरडा करून पाहायचा म्हणून जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यावरही प्रयोग केला. रंग येतो पण सहज पुसला जातो. आधी आम्लाने पृष्ठभाग किंचित खाल्लेला असला की थराला धरायला जागा मिळते.

शेवटी रंग: निळसर काळा, टोकाला जरा फिका. आम्लाने धार थोडी बोथट होते, ती नंतर लावायचीच आहे. वरून खोबरेल तेलाचा हात. बरेच जण हाताला येईल ते खाद्यतेल लावतात. करडई किंवा सूर्यफूल लावलं तर हवेने ते चिकट, पिवळट होऊन बसतं. खोबरेल तसं होत नाही, आणि पात्याने फळ कापलं तरी चिंता नाही. थंडीत पातं पांढरं दिसेल, २४-२५ अंशांखाली ते थिजतं, एवढंच.

कैरी पुन्हा चिरली. फोडींच्या कडा आज तशाच हिरव्या. लोणच्यात जायची परवानगी मिळाली.

४ मे

धार.

बांबूसाठी टोकाला किंचित बोथट कोन हवा. पूर्ण उतार बदलायचा तर बरंच पोलाद घासून फेकावं लागेल आणि करवी तासताना जी मजा येते ती जाईल. मधला रस्ता म्हणजे अगदी शेवटी बारीक दुसरा उतार, डोळ्याला दिसेल न दिसेल इतका.

आधी मूळ उतार साफ केला. उतारावर काळं मार्कर फासलं, दगडावर टेकवून दोन हात मारले, आणि मार्कर कुठे पुसलं ते पाहिलं. पाठीकडे पुसलं तर पाठ जरा उचलायची, धारेकडे पुसलं तर दाबायची. सगळीकडून सारखं पुसलं जाईपर्यंत कोन हाताला कळून येतो. मग ४०० चा दगड, मग १०००, दोन्ही बाजूंना बर उठेपर्यंत. बर म्हणजे धारेपलीकडे उठणारी पोलादाची झालर. डोळ्याला दिसत नाही, पण बोट पाठीकडून धारेकडे सरकवलं की अडकते. ती न उठता बाजू बदलली तर कितीही घासा, धार येत नाही.

आता दुसरा उतार. पात्याची रुंदी २० मिलिमीटर; पाठ आहे त्या स्थितीतून अडीच मिलिमीटर वर उचलली की कोन साधारण सात अंशांनी वाढतो. म्हणजे एका बाजूला १९-२०, मिळून ४०. नुसत्या वजनाने, न दाबता, प्रत्येक बाजूला चार हात. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हिरवा पॉलिशचा साबण लावून उलट्या दिशेने ओढलं.

केस आता कुरकुरत उतरतात, पहिल्यासारखे उडत नाहीत. पण वर्तमानपत्र सरळ कापतं.

११ मे

परत शेतावर. तीच भरीव काठी, तशाच खाचा. उन्हात धरून पाहिलं, चकाकणारी रेघ नाही. करवीच्या ढलप्या आधीपेक्षा जरा जाड येतात. हा सौदा मान्य.

आबांनी काळं पातं पाहिलं, “आता बरं दिसतंय” एवढंच म्हणाले. मग त्याच पात्याने मी दोन आंबे कापले. एक त्यांनी, एक मी खाल्ला, लोखंडाची चव दोघांनाही लागली नाही.

१५ जून

पाऊस सुरू झाला. मुद्दाम चाचणी: पातं ओलं करून म्यानात घातलं आणि रात्रभर गॅलरीत ठेवलं.

सकाळी नेलपॉलिशने राखलेली कोरी पट्टी पूर्ण नारिंगी. काळ्या भागावर टोकाजवळ टाचणीच्या अग्राएवढे दोन ठिपके, आणि धारेवर, जिथे थर दगडाने गेलेला आहे तिथे, बारीक तांबूस रेघ. म्हणजे काळा थर गंज थांबवत नाही, पण त्याला उशीर करतो. आपल्याकडच्या चार महिन्यांत हा उशीरच कामाचा.

कोरी पट्टी बारीक पेपर आणि तेलाने साफ करून तिलाही व्हिनेगर-हिरडा दिला. सीमारेषा थोडी दिसते. राहू दे.

खरा गुन्हेगार म्यान आहे. प्लास्टिक पाणी शोषत नाही हे चांगलं, पण आत शिरलेलं पाणी धरून ठेवतं. तळाला निथळायला छिद्र आहे, त्यात लाल माती बसली की बंद.

२२ जून

म्यान.

तळाचं छिद्र ६ मिलिमीटरच्या ड्रिलने मोठं केलं, कडा चाकूच्याच टोकाने साफ. आता उभं धरून पाणी ओतलं की थेट खाली. भरीला म्यानाच्या तोंडाशी बाहेरून सायकलच्या ट्यूबचे दोन रुंद कडे चढवले. एकात फेरो रॉड अडकतो, दुसऱ्याखाली दगडाची छोटी चकती. ट्यूब ओल्या हातालाही पकड देते आणि गरज पडली तर पेटवताही येते. धूर काळा आणि घाण, पण भर पावसात जळते.

क्लिप माझ्या सॅकच्या रुंद पट्ट्यावर नीट बसत नव्हती, ती पातळ चामडी पट्ट्यासाठी केलेली. स्टँडजवळच्या मोचीकाकांकडे सॅकचा जुना नायलॉन पट्टा नेला. त्यांनी विचारलं, “झुलता पाहिजे का घट्ट?” प्रश्न अगदी नेमका होता. झुलता ठेवला तर बसताना टोचत नाही, चढताना मांडीवर आपटतो. घट्ट सांगितला. दोन रिपिटा आणि दुहेरी शिवण. वीस रुपये मागितले, मी पन्नास दिले, त्यांनी तीस परत केले.

१३ जुलै

मुठीला दोरी. डिंभे धरणाच्या कडेला, गडावरच्या टाक्याच्या पायऱ्यांवर, चाकू पाण्यात पडला तर गेलाच. कम्पॅनियनच्या मुठीला दोरीचं छिद्र नाही.

ड्रिल लावण्याआधी मुठीत पोलाद कुठपर्यंत आहे ते पाहायला हवं होतं. जुन्या हार्ड डिस्कमधलं चुंबक मुठीवरून सरकवलं. मागच्या टोकापासून येताना एका जागी ते स्पष्ट ओढलं जातं, म्हणजे मूठ साधारण पाऊण भरलेली, मागचा चतुर्थांश नुसतं प्लास्टिक. पोलाद संपतं त्यापासून बोटभर अंतर सोडून खूण केली. छिद्र पोलादाला भिडलं असतं तर तिथून पाणी आत गेलं असतं आणि मुठीतला गंज बाहेरून कधीच दिसत नाही. ५ मिलिमीटरचं बिट, कमी वेगाने; जोरात फिरवलं की मऊ आवरण वितळून बिटला गुंडाळतं. दोन्ही तोंडं मोठ्या बिटने हाताने फिरवून जराशी उघडली, म्हणजे दोरी कापली जाणार नाही.

दोरी मनगटात अडकवायची नाही. हात घसरला तर चाकूने दूर जावं, मनगटाला लटकून परत येऊ नये. ती सॅकच्या पट्ट्याला कडीने बांधायची.

१० ऑगस्ट

मुठीचं रबर तासून लाकडाच्या फळ्या बसवायचा विचार काही दिवस घोळत होता. शिसवीचा एक सुंदर तुकडाही पडून आहे. आज भर पावसात तासभर काड्या तासल्या, हात पूर्ण ओले, मूठ एकदाही फिरली नाही. शिसवीचा तुकडा परत माळ्यावर.

बोटाजवळचा उंचवटाही तसाच. तो कापला तर धारेचा अगदी मागचा भाग दगडावर पूर्ण टेकेल हे खरं, पण ओल्या हाताने टोचून छिद्र पाडताना त्याच उंचवट्याने बोट अडवलं.

१४ सप्टेंबर

पावसाळ्यानंतरची पाहणी. काळा थर उताराच्या खालच्या भागात बराच गेला, बाजूंवर टिकून आहे आणि पहिल्यापेक्षा चकचकीत. ठिपके होते तिथे किंचित खड्डे, नखाला लागतात न लागतात. म्यानाच्या आतून लाल माती निघाली, कापडाची चिंधी काडीला गुंडाळून पुसली. ट्यूबच्या एका कड्याला चीर, बदललं.

दुसरा उतार दर धारेला थोडा रुंद होत चाललाय. आता नुसत्या डोळ्याला दिसतो, आणि करवीत पहिल्यासारखा शिरत नाही. आज परत मूळ उतार दगडावर सपाट टेकवून, मार्कर लावून, दुसरा उतार जवळजवळ नाहीसा होईपर्यंत घासला आणि पुन्हा चार-चार हात दिले. पुढे दर तिसऱ्या-चौथ्या धारेला हे करावं लागेल असं दिसतं. ४०० चा दगड मधे खोल गेलाय, त्यावर सपाट उतार सपाट राहत नाही. काचेवर खरबरीत पेपर आणि पाणी घेऊन तो आधी सारखा करायचा, मग धार. हिरड्याचा उरलेला काढा बुरशी धरल्याने फेकला, कुटलेला हिरडा मात्र बरणीत कोरडा आहे, पुढच्या थराला पुरेल.